सैल पाचर

अमळनेर, वैशाखातली रात्र

आज सकाळी मामा अंगणात बाभळीचे ओंडके फोडत असताना कुऱ्हाडीचे पाते दांड्यावरून निसटले आणि क्षणापूर्वी त्यांचा नातू जिथे ढलप्या वेचत होता, नेमके तिथेच मातीत रुतले. कोणाला काही झाले नाही. मामांनी पाते पुन्हा दांड्यावर बसवले, लाकूड फुगावे म्हणून कुऱ्हाड बादलीत बुडवून ठेवली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "पाचर ढिली व्हयेल व्हती. माले म्हाईत व्हतं."

बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 19व्या अध्यायात हाच प्रसंग आहे. शेजाऱ्याबरोबर रानात लाकडे तोडायला गेलेल्या माणसाच्या कुऱ्हाडीचे पाते निसटते, शेजारी मरतो, आणि दोघांत पूर्वीचे वैर नसल्यामुळे मारणाऱ्याला शरणपुरात, म्हणजे अशांना आसरा देणाऱ्या नगरात, पळून जाऊन जीव वाचवता येतो. (नाशिकच्या शरणपूर रस्त्यावरून मी कितीदा गेलो असेन, पण या शब्दापाशी कधी थांबलो नाही.) दहा आज्ञांत निषिद्ध आहे तो खून, बाकीचे केवळ मारणे, अशी सोपी वाटणी मी आजवर मनाशी करून ठेवली होती. प्रत्यक्षात आज्ञेतले ‘रत्साह’ हे हिब्रू क्रियापद बायबलच्याच ‘गणना’ या पुस्तकाच्या 35व्या अध्यायात चुकून मारणाऱ्यालाही लावले आहे आणि खुन्याला दिल्या जाणाऱ्या देहदंडालाही. म्हणजे निवाडा शब्द करत नाही, चौकशी करते: मनात वैर होते का, दबा धरला होता का, हातात लोखंड होते की दगड. शिवाय जो निर्दोष ठरतो तोही घरी परतत नाही. मुख्य याजक मरेपर्यंत त्याने शरणपुरातच राहायचे, आणि खंडणी भरून लवकर सुटण्याची मुभा त्यालाही नाही. हेतू नव्हता म्हणून सांडलेले रक्त पुसले जात नाही, हे त्या कायद्याने किती कठोरपणे धरून ठेवले आहे!

पण मामांना माहीत होते. तिथे कुऱ्हाडीचा दाखला पुरत नाही, ‘निर्गम’ या पुस्तकाच्या 21व्या अध्यायातला मारका बैल आठवतो. बैल मारका आहे हे धन्याला बजावूनही त्याने तो बांधला नाही आणि माणूस दगावला, तर बैलाबरोबर धनीही मरणास पात्र ठरतो. मात्र खुन्याला नाकारलेली खंडणी त्याला भरता येते. खुनी नव्हे आणि निर्दोषही नव्हे, असा हा माणूस मला सर्वांत ओळखीचा वाटतो, कारण सैल पाचर मीही कालच पाहिली होती आणि बोललो नव्हतो.

अनुवादातच पुढे, नव्या घराच्या धाब्याला कठडा बांध, नाहीतर कोणी पडल्यास रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल, अशी आज्ञा आहे. आम्ही झोपतो त्या धाब्याला कठडा नाही. नातवाचे अंथरूण मी आत्ताच कडेपासून मधोमध ओढून घेतले. खाली अंगणात मामा दिव्याजवळ बसून नवी पाचर तासत आहेत.