स्थलांतराचे करार आणि मायदेशाचे हित

युरोपातील संसदांमध्ये स्थलांतरावर चर्चा सुरू झाली की उजव्या बाकांवरून एक मागणी हमखास येते: जे देश आपल्या नागरिकांना परत घेत नाहीत, त्यांची मदत रोखा आणि त्यांचे व्हिसा आवळा. डाव्या बाकांवरून मानवी हक्कांची आठवण करून दिली जाते. मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. परतीचा आदेश मिळालेल्यांपैकी २०२३ मध्ये सुमारे एक पंचमांश लोकच प्रत्यक्षात युरोपीय संघाबाहेर गेले, हे खरे. युरोपच्या वाटेवरील लिबियातील कोठड्यांमध्ये स्थलांतरितांचे अतोनात हाल होतात, हेही खरे. मात्र माणसे जिथून निघतात त्या देशाचे हित कशात आहे, हा प्रश्न या वादात क्वचितच विचारला जातो आणि माझ्या मते स्थलांतरितांना रोखण्याचे आणि परत पाठवण्याचे करार फसतात ते याच ठिकाणी.

पश्चिम आफ्रिकेतील गांबियाचे उदाहरण घ्या. परदेशी गेलेल्यांनी घरी पाठवलेला पैसा या छोट्याशा देशाच्या सकल उत्पन्नाच्या एक पंचमांशाहून अधिक भरतो. २०१७ मध्ये हुकूमशहा याह्या जामेह यांना देश सोडावा लागला आणि मतपेटीतून निवडून आलेले सरकार आले. त्या सरकारला मतदारांना तोंड द्यायचे होते. जर्मनीतून आपल्या नागरिकांना सक्तीने परत पाठवण्याविरुद्ध जनतेत संताप उसळल्यावर २०१९ मध्ये त्याने अशी विमाने उतरवून घेणे काही काळ थांबवले. युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२१ मध्ये गांबियाच्या नागरिकांसाठी व्हिसाच्या अटी कडक केल्या. लोकशाही रुजावी म्हणून ज्या देशाचे कौतुक करायचे, त्याच देशाने लोकांचे ऐकले म्हणून त्याला शिक्षा करायची, यातील विसंगती मला अस्वस्थ करते.

वाटेवरच्या देशांना पहारेकरी बनवण्याचा मार्गही भरवशाचा नाही. सहारा वाळवंटाच्या वाटेवरील नायजरने २०१५ मध्ये स्थलांतरितांची वाहतूक गुन्हा ठरवणारा कायदा केला, युरोपने त्याला पाठबळ दिले आणि अगादेझ शहरात या वाहतुकीवर पोट भरणारे अनेक जण बेकार झाले. नोव्हेंबर २०२३ मध्ये लष्करी राजवटीने तो कायदाच रद्द केला. मोरोक्कोने तर मे २०२१ मध्ये स्पेनला आपले वजन दाखवून दिले: मोरोक्को आपला मानत असलेल्या पश्चिम सहाराच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या पोलिसारिओ आघाडीच्या नेत्यावर स्पेनमध्ये उपचार झाल्याचे निमित्त होऊन आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील सेउता या स्पॅनिश शहराच्या सीमेवरील पहारा ढिला पडला आणि दोन दिवसांत सुमारे ८,००० माणसे, त्यांत कितीतरी अल्पवयीन मुले, पोहत किंवा चालत पलीकडे गेली. पुढच्या मार्चमध्ये स्पेनने पश्चिम सहारासाठीच्या मोरोक्कोच्या स्वायत्तता योजनेला पाठिंबा जाहीर केला.

याउलट, जर्मनी आणि भारत यांच्यात डिसेंबर २०२२ मध्ये झालेल्या करारात बेकायदा राहणाऱ्यांच्या परतीबरोबरच विद्यार्थी आणि कुशल कामगार यांच्यासाठी मार्गही आखले गेले आणि २०२४ मध्ये जर्मनीने कुशल भारतीयांसाठीची वार्षिक व्हिसा मर्यादा २०,००० वरून ९०,००० करण्याची घोषणा केली. भारताइतकी सौदाशक्ती गांबियाजवळ नाही, हे मान्य. पण म्हणूनच कायदेशीर मार्गाचा प्रस्ताव बलाढ्य बाजूने आधी मांडायला हवा. शिवाय असे करार दोन्हीकडच्या संसदांपुढे यायला हवेत. स्थलांतरितांना रोखण्यासाठी युरोपीय संघाचा २०१६ मध्ये तुर्कस्तानशी झालेला समझोता केवळ ‘निवेदन’ म्हणून प्रसिद्ध झाला आणि युरोपीय संसदेच्या मंजुरीविनाच अमलात आला.