भांडण झालं होतं का?

‘बँड चालू असताना स्वतःचा वेगळा अल्बम कशाला? भांडण झालं होतं का?’ गिग संपून केबल गुंडाळत असतो, तेव्हा कुणी ना कुणी विचारतंच. तर, नाही. निदान अल्बमच्या आधी तरी नव्हतं झालं.

मी स्टीव्ह हॅकेटचं, म्हणजे जेनेसिस या इंग्लिश रॉक बँडच्या गिटारिस्टचं, नाव काढलं की लोक हसतात, ‘स्वतःला हॅकेट समजतोस काय!’ नाही हो. पण 1975मध्ये, जेनेसिसमध्ये असतानाच त्यानं ‘व्हॉयेज ऑफ द ॲकोलाइट’ हा स्वतःचा अल्बम काढला आणि त्यावर ड्रम्सला फिल कॉलिन्स होता, बेसला माइक रदरफर्ड. दोघंही बँडमधलेच. त्यातलं शेवटचं, जवळजवळ बारा मिनिटांचं ‘शॅडो ऑफ द हायरोफंट’ जेनेसिसनं 1972मध्ये ‘फॉक्सट्रॉट’ या अल्बमच्या तालमीत वाजवून पाहिलं होतं. रेकॉर्डवर मात्र आलं नाही. तीन वर्षं पडून राहिलं.

माझाही एक पीस असाच पडला. सात मात्रांचा, गाणं खूप उशिरा सुरू होणारा. जॅमरूममध्ये पहिल्यांदा वाजवला तर ड्रमर म्हणाला, ‘अरे, रूपक ताल वाजवायला आलोय का आपण?’ गायकानं विचारलं, ‘तोवर मी काय करू? चहा सांगू?’ सगळे हसले. मीही हसलो, कारण चहाचा जोक खरंच चांगला होता. मग कीबोर्डवाल्यानं शेवटची रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी छोटी सुरावट, तेवढी उचलली, चार मात्रांत बसवली, दुसऱ्याच गाण्याला जोडली. तुम्ही ज्यावर टाळ्या धरता ना, तीच ती. खाली नावं पाचही जणांची. जेनेसिसचंही 1976च्या ‘अ ट्रिक ऑफ द टेल’च्या आधीपर्यंत असंच चालायचं, आणि मीच पूर्वी सगळ्यांना ऐकवायचो की बँड असावा तर असा, कुणाचं काय हे कळताच कामा नये! तो मी आज भेटला तर त्याला विचारीन, तुझी रिफ कुणी उचलली होती का रे कधी?

‘ती गाणी बँडला साजेशी नव्हती’ असं मी सगळीकडे सांगतो. अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं म्हणजे मला कव्हरवर एकट्याचं नाव हवं होतं. त्यात लाजण्यासारखं काय?

त्याच ड्रमरला मी अल्बमवर बोलावलं. तो आला आणि तेच सात असे काही वाजवले की मी विचारलंच, ‘मग तिथं का नाही वाजवलंस?’ म्हणाला, ‘इथं तुझं ऐकायचं ठरवून आलोय. तिथं पाच जण आहेत.’ भांडण झालं ते यावरून. तो चुकीचं बोलला असं मला अजून म्हणता येत नाही, आणि पटलंय असंही नाही.

पुढचा प्रश्न ठरलेला, ‘हॅकेट 1977मध्ये बाहेर पडला, मग तू कधी?’ त्याचा ‘प्लीज डोन्ट टच’ हा पीस बँडनं नाकारला, 1978मध्ये तेच त्याच्या पुढच्या अल्बमचं नाव झालं. माझ्याकडे सध्या नऊ मात्रांचं एक काहीतरी तयार आहे. ते तालमीत न्यायचं की नाही, हे ठरलेलं नाही.