व्हिमेन म्हणजे फोक: बागेतल्या चार पाट्यांचा अनुभव

कॉलेजच्या बागेतल्या १८ झाडांना पाट्या लावायच्या होत्या. मराठी नाव, लॅटिन नाव, त्याचा अर्थ. १४ पाट्या लगेच मंजूर झाल्या. उरलेल्या चारांनी दोन महिने खाल्ले, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

फाइलवर शेरा एवढाच: "अर्थ तपासावा." कोणाचा, का, काही नाही. कार्यालयात तीन खेपा घातल्या. साहेब मीटिंगमध्ये, साहेब रजेवर. चौथ्या खेपेला क्लार्क मॅडमनी फाइल उघडून दाखवली, तेव्हा चार ओळींखाली पेन्सिलीच्या रेघा दिसल्या: बॉटलब्रशचं व्हिमिनॅलिस, दशरथ घासाचं व्हर्गेटस, एका पानवेलीचं सार्मेंटोसम, टांगत्या निवडुंगाचं फ्लॅजेलिफॉर्मिस. चौघांपुढे मी एकच लिहिलं होतं, "लवचिक फांद्यांचा". शेरा रास्त होता. पण हे एका वाक्यात लिहायला काय हरकत होती?

शब्दकोश उघडावा तर जिथे तिथे "डहाळी". सुटका केली आईने. सहज म्हणाली, "आमच्याकडे कणगी निरगुडीच्या फोकांची विणायचे." मी कुंपणाची निरगुडी तोडून आणली. चौकोनी कांडी, चुरगळलेल्या पानांचा तो उग्र वास. कोवळी कांडी बोटाभोवती गुंडाळली, मोडली नाही. व्हिमिनॅलिस ज्या लॅटिन शब्दावरून आलं, तो व्हिमेन म्हणजे हेच! विणायला वाकणारा फोक. लॅटिन धातू "विएओ" म्हणजे विणणं, गुंफणं. निरगुडीचं व्हायटेक्स हे नावही त्याच धातूशी जोडतात. युरोपात टोपल्यांसाठी लावतात त्या वाळुंजाच्या (विलोच्या) भावंडाला वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये सॅलिक्स व्हिमिनॅलिस म्हटलं, ते त्यामुळेच.

मग बाकीचे भराभर उलगडले. व्हर्गा म्हणजे सरळ, सडपातळ छडी. इथे जपा: जुन्या लॅटिनमध्ये व्हर्गेटस म्हणजे पट्टेरीसुद्धा, मी तेच लिहून बसणार होते. झाड बघा, मग अर्थ लिहा. सार्मेंटम हा शब्द छाटण्याच्या क्रियापदावरून आलाय. नाशिककडचे द्राक्षबागाईतदार ज्याला काडी म्हणतात ती; झाडाच्या नावात मात्र लांब, सरपटते फुटवे. फ्लॅजेलम म्हणजे छोटा चाबूक, आणि वेलीचा लांब कोवळा शेंडाही. निवडुंगाच्या त्या लोंबत्या दोऱ्या पाहिल्यावर वेगळं सांगावं लागत नाही.

हो, एक राहिलं. बॉटलब्रशच्या लॅटिन नावातला पहिला शब्द कोणी कॅलिस्टेमॉन लिहितात, कोणी मेलाल्यूका. त्यावर वाद घालत बसू नका, व्हिमिनॅलिस दोन्हीकडे तेच राहतं. आणि फाइल देतानाच पोच घ्या, शेरा कोणत्या ओळीला आहे ते तिथेच लिहून मागा. मी मागितलं नाही.

दुसऱ्यांदा दिलेले अर्थ आठवड्यात मंजूर झाले. बॉटलब्रशच्या पाटीवर आता लिहिलंय: "फोकांसारख्या लवलवत्या फांद्यांचा". आईला फोटो पाठवला.