तुम्ही विचारलंत म्हणून: ‘औषध सापडलं का?’

लग्नाच्या पंगतीत एखादी मावशी किंवा काका हमखास विचारतात, ‘काय गं, तू कॅन्सरवर पीएच.डी. करतेस ना? मग औषध सापडलं का?’ पंगतीत मी हसून वेळ मारून नेते. इथे मात्र सविस्तर उत्तर देते.

औषध मी शोधत नाही. गालाच्या आतल्या अस्तराचा कर्करोग तंबाखू आणि सुपारीमुळे आपल्याकडे पुष्कळ आढळतो, आणि त्या पेशी मूळ जागा सोडून मानेतल्या लसिकाग्रंथींत पोहोचल्या की आजार अधिक गंभीर होतो. पेशींच्या या स्थलांतरात एका विशिष्ट प्रथिनाचा हात आहे का, एवढाच माझा प्रश्न आहे आणि त्यावर माझे हे पाचवे वर्ष चालू आहे.

एवढ्याशा प्रश्नाला इतकी वर्षे का लागतात, हे एका साध्या प्रयोगावरून सांगता येईल. बशीतल्या पेशींच्या थरावर पिपेटच्या टोकाने एक ओरखडा ओढायचा आणि तो किती तासांत भरून येतो ते पाहायचे. प्रथिनाची निर्मिती रोखल्यावर ओरखडा उशिरा भरला, तर पेशींची चाल मंदावली असे म्हणण्याचा मोह होतो. पण त्यांचे विभाजन मंदावले असले तरी ओरखडा उशिराच भरतो, म्हणून विभाजन वेगळे मोजावे लागते. शिवाय प्रथिन रोखण्यासाठी पेशींत सोडलेल्या आरएनएच्या तुकड्यानेच त्या बिथरल्या नसतील कशावरून? त्यासाठी कोणत्याही जनुकाशी न जुळणारा तुकडा सोडलेली बशी शेजारी ठेवायची, आणि हे सगळे किमान तीनदा करायचे. पेशींना दिवाळीची सुट्टी नसते. ३७ अंशांच्या पेटीत त्या वाढत राहतात आणि दर दोन-तीन दिवसांनी त्यांचे पोषक द्रावण बदलावेच लागते.

बशीतल्या पेशी तरी आपण समजतो त्याच आहेत का, हा प्रश्न जुना आहे. कर्करोग संशोधक कमल रणदिवे यांनी १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली, त्यानंतर त्या अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत काम करून आल्या आणि त्यांनी मुंबईत ऊतिसंवर्धनाची, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवण्याची, प्रयोगशाळा उभारली. गाय यांच्याच प्रयोगशाळेत १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय रुग्णेच्या गाठीतील पेशी अखंड वाढू लागल्या. त्यांना ‘हेला’ म्हणतात. पुढे १९६६ मध्ये स्टॅन्ली गार्टलर यांनी निरनिराळ्या अवयवांच्या म्हणून जगभर वापरल्या जाणाऱ्या अनेक पेशी मुळात हेलाच असल्याचे एका विकराच्या (एन्झाइमच्या) आधारे दाखवले, तेव्हा कित्येकांचा विश्वास बसेना. आज आम्ही पेशींची डीएनए ओळख तपासून घेतो, तरी पुरते निर्धास्त होता येत नाही.

माझ्याच बाबतीत तिसऱ्या वर्षी पेशींना मायकोप्लाझ्माचा संसर्ग झाला. या जिवाणूला पेशीभित्तिका नसते, त्यामुळे पेनिसिलिन त्याला लागू पडत नाही. द्रावण गढूळ होत नाही आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखाली तो दिसतही नाही. वेळच्या वेळी चाचणी न करण्याची चूक सर्वस्वी माझी होती. सात महिन्यांचे निष्कर्ष, तेही अगदी मला हवे तसे आलेले, बाजूला ठेवावे लागले. माझे मार्गदर्शक सर एवढेच म्हणाले, ‘पेशी टाकून दे, नवीन कुपी काढ.’ द्रवरूप नायट्रोजनमध्ये पूर्वी गोठवून ठेवलेल्या पेशींची कुपी काढून पुन्हा सुरुवात केली, तेव्हा आधी दिसलेला परिणाम जेमतेम निम्मा उरला. (त्या आठवड्यात मी घरी फोनच केला नाही.)

पैशांचेही विचारले जाते. नेट परीक्षेतून मिळणारी कनिष्ठ शिष्यवृत्ती २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे, एकटीचे भागते.

सध्याची स्थिती अशी आहे की, ते प्रथिन रोखल्यावर एका रुग्णाच्या गाठीपासून वाढवलेल्या पेशींची चाल मंदावते आणि दुसऱ्या रुग्णाच्या पेशींवर काहीच परिणाम होत नाही. हा फरक का पडतो, यावर प्रबंधाचे चौथे प्रकरण लिहीत आहे.