आमची वाटचाल: जिप्समच्या भिंती आणि विम्याची फाइल

आमचा धंदा जिप्सम पार्टिशन आणि फॉल्स सीलिंगचा. जमिनीला आणि वरच्या स्लॅबला पत्र्याचे ट्रॅक ठोकायचे, दोन-दोन फुटांवर स्टड उभे करायचे, मध्ये रॉकवूल भरायचं, दोन्ही अंगांनी साडेबारा मिलीचे बोर्ड स्क्रूने मारायचे आणि सांधे टेप-कंपाउंडने बुजवायचे. ना वाळू, ना पाणी मारणं. पुण्यात आयटी कंपन्यांची ऑफिसं वाढली तशी ही कोरडी भिंत वाढली आणि तिच्या मागोमाग आम्हीही. हे आधी एका ठेकेदाराकडे सुपरवायझर होते, मी सीएच्या ऑफिसात. २००९ मध्ये स्वतःचं काम सुरू केलं तेव्हा वाटणी आपोआप झाली: साइट ह्यांची, कागद माझे. त्या कागदांत पुढे सगळ्यात जाड फाइल विम्याची होईल, हे मात्र तेव्हा कुणी सांगितलं असतं तर हसले असते.

पहिली कामं फ्लॅटची आणि दुकानांची. तिथे विम्याचं नाव कुणी काढत नाही. घरमालक फार तर विचारणार, ‘सीलिंग पडणार नाही ना?’ हिंजवडीतलं पहिलं मोठं काम मिळालं आणि वर्क ऑर्डरला जोडून अटींची चळत आली. डब्ल्यूसी पॉलिसी (कामगारांच्या अपघातासाठी), सीएआर पॉलिसी (चालू कामासाठी), पीएफ, ईएसआय (कामगार राज्य विमा). पॉलिसीची प्रत जमा केल्याशिवाय लेबरला गेट पास नाही. एजंटने दोन दिवसांत पॉलिसी आणून दिली, सिक्युरिटीने शिक्का मारला, काम सुरू. आमच्या लाइनीतल्या बहुतेकांचा विमा इथेच संपतो. गेट पास निघाला की पॉलिसी फाइलला लावायची. मला कागद शेवटपर्यंत वाचायची जुनी खोड, म्हणून रविवारी बसून सगळी वाचली. बारीक अक्षरांत काय दिलंय यापेक्षा काय दिलेलं नाही तेच जास्त होतं.

डब्ल्यूसी म्हणजे कामगार नुकसानभरपाई. मूळ कायदा १९२३ चा. २०१० पासून त्याच्या नावातला ‘वर्कमेन’ जाऊन ‘एम्प्लॉई’ आला, पण साइटवर आजही सगळे डब्ल्यूसीच म्हणतात. हिशेब एकदा मांडून बघण्यासारखा आहे. कामावर मृत्यू झाला तर महिन्याच्या पगाराचा निम्मा भाग गुणिले वयानुसार ठरलेला आकडा. हिशेबासाठी पगार जास्तीत जास्त १५,००० रुपये धरतात, ही मर्यादा जानेवारी २०२० पासूनची. त्याआधी ८,००० होती. तीस वर्षांच्या माणसाचा आकडा २०७.९८. म्हणजे ७,५०० गुणिले २०७.९८, होतात १५,५९,८५० रुपये. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर निम्म्याऐवजी साठ टक्के. रक्कम देय झाल्यापासून महिन्याभरात दिली नाही तर १२ टक्के व्याज, वर निम्म्यापर्यंत दंड, आणि तो दंड सहसा विमा कंपनी भरत नाही. आमच्यासारख्या फर्मला अशी एक रक्कम खिशातून द्यावी लागली तर गाडी, गोडाऊन सगळं विकायची पाळी येईल.

ठेकेदाराचा माणूस जखमी झाला तर कायदा मुख्य मालकालाही धरतो. त्याने भरपाई द्यायची आणि मग ती ठेकेदाराकडून वसूल करायची. कंपन्या आमच्याकडे पॉलिसी मागतात त्या मुख्यतः ह्यासाठी. त्यात आमच्याबद्दलची माया शोधू नये.

आता बाजारातली रीत सांगते. प्रीमियम पगाराच्या एकूण बेरजेवर आणि कामाच्या प्रकारावर लागतो. म्हणून माणसं कमी दाखवायची, पगार कमी दाखवायचा, आणि ‘फॉल्स सीलिंग, उंचीवरचं काम’ असं लिहिण्याऐवजी नुसतं ‘इंटिरियर’ लिहायचं. आठ माणसांची पॉलिसी, साइटवर बावीस. पडणारा माणूस त्या आठांतलाच असेल, असं धरून चालायचं. पेटी कॉन्ट्रॅक्टरचा, म्हणजे छोट्या उपठेकेदाराचा, घोळ वेगळा. आम्ही जॉइंटिंगचं, म्हणजे सांधे बुजवायचं, काम कधी कधी पेटीवर देतो. ती माणसं आमच्या मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, नसतात. पॉलिसीत उपठेकेदाराची माणसं स्पष्ट लिहून घेतली नाहीत तर त्यांच्यासाठी ती पॉलिसी असून नसल्यासारखी. आम्ही घोषित पगारात त्यांची मजुरीही धरतो आणि वर्षाअखेरीस प्रत्यक्ष आकडा देऊन फरक भरतो. एजंट म्हणतो, ‘वहिनी, तुम्ही उगाच जास्त भरता.’ म्हणू दे.

त्याचा उपयोग एकदा पुरता दिसला. खराडीच्या साइटवर एक हेल्पर चाकाच्या मचाणावर उभा होता. खालच्याने चाकाचं लॉक न लावता मचाण ढकललं आणि हा आठ-नऊ फुटांवरून पायांवर उतरला. आमच्या कामात हे नेहमीचं दुखणं: माणूस उभाच्या उभा पडतो आणि टाचेचं हाड फुटतं. प्लेट बसवावी लागली, तीन महिने काम बंद. हॉस्पिटलमध्ये त्याने मला पहिला प्रश्न केला, ‘भाभी, मेरा नाम कागज में है क्या?’ होतं. मस्टरवर हजेरी होती, पगार बँकेतून जात होता, अपघाताची खबर त्याच संध्याकाळी मेलवर गेली होती. तात्पुरत्या अपंगत्वात कायद्याने दर पंधरवड्याला महिन्याच्या पगाराचा चौथा हिस्सा मिळतो, तो मिळाला. हॉस्पिटलचं बिल मात्र मूळ पॉलिसीत आपोआप बसत नाही, वैद्यकीय खर्चाची जोडणी वेगळा प्रीमियम भरून घ्यावी लागते. आम्ही घेतली होती, पण तिलाही मर्यादा असते. वरचे पैसे आम्ही घातले.

ईएसआय असताना डब्ल्यूसी कशाला, असं बरेच जण विचारतात. २१,००० पर्यंत पगार असलेला माणूस ईएसआयमध्ये असेल तर त्याला त्याच अपघातासाठी डब्ल्यूसीत दावा करता येत नाही, हे खरं. मालकाचे सव्वातीन टक्के, कामगाराचा पाऊण टक्का, आणि उपचार ईएसआयकडून. पण आमच्याकडे माणूस गावाहून सोमवारी येतो आणि मंगळवारी बोर्ड उचलतो. त्याचं आधार आणि बँक खातं जुळेपर्यंत मधले दिवस कुणाच्या भरवशावर? शिवाय ज्यांचा पगार मर्यादेच्या वर आहे ते मिस्त्री उरतातच. म्हणून दोन्ही ठेवतो. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची नोंदणीही करून देतो; वर्षात नव्वद दिवस कामाचा दाखला लागतो, तो द्यायला ठेकेदार का टाळाटाळ करतात ते मला कळलेलं नाही. त्यात आपल्या खिशातलं काही जात नाही.

माणसांचं एवढं. भिंतींचं वेगळं.

सीएआर, म्हणजे कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क, चालू कामाला लागते. आग, पाणी, चोरी, काम पडणं, आणि दुसऱ्या भागात तिसऱ्या पक्षाचं नुकसान. नावात ‘ऑल’ आहे, पण सदोष कारागिरी दुरुस्त करण्याचा खर्च त्यातून वगळलेला असतो. विम्याची रक्कम पूर्ण कामाची धरायची, आणि बोर्ड क्लायंटने पुरवले असतील तर त्यांची किंमतही धरायची, हे आमच्यातल्या निम्म्या लोकांना माहीत नसतं. ते फक्त मजुरीच्या ऑर्डरची रक्कम लिहितात.

आमच्या फर्मचं वळण बाणेरच्या एका कामात आलं. चौथ्या मजल्यावर टॉयलेटला लागून पार्टिशन. प्लंबरने सीपीव्हीसीचा (प्लास्टिकचा) पाइप स्टडच्या मधोमध घेण्याऐवजी एका अंगाला चिकटवून नेला होता. आमच्या माणसाने बोर्डचा दुसरा थर मारताना लांब स्क्रू घेतला, कारण दोन थरांना तोच लागतो, आणि त्याचं टोक पाइपात घुसलं. गंमत अशी, की स्क्रू स्वतःच भोक बुजवून बसतो. पाण्याची चाचणी झाली, एक थेंब नाही. पुट्टी, रंग, हँडओव्हर, सगळं झालं. काही आठवड्यांनी खालच्या ऑफिसचं सीलिंग फुगलं आणि एका सोमवारी सकाळी कोसळलं. खाली कार्पेट, खुर्च्या, चार-पाच कॉम्प्युटर. आम्ही भिंत कापली तेव्हा स्क्रूच्या आट्यांभोवती गंजाचं तांबडं कडं होतं आणि तिथून पाणी झिरपत होतं. प्लंबर म्हणे स्क्रू तुमचा. हे म्हणाले पाइप चुकीच्या जागी. दोघांचंही खरं होतं.

मी पॉलिसी काढली. कामाची मुदत हँडओव्हरला संपलेली. पुढे देखभालीच्या मुदतीचं कव्हर होतं, पण ते आमच्या स्वतःच्या कामाला. खालच्या मजल्यावरच्या तिऱ्हाइताला नाही. काम चालू असताना पाणी गेलं असतं तर दावा बसला असता. काम संपल्यावर गेलं, म्हणून नाही. क्लायंटने आमच्या रिटेन्शनमधून, म्हणजे बिलातून राखून ठेवलेल्या पैशांतून, रक्कम कापली आणि विषय मिटवला. प्लंबरकडून काय कापलं ते कळलं नाही.

काम संपल्यानंतर आपल्या कामामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर काय, ह्याला वेगळं कव्हर असतं: कमर्शियल जनरल लायबिलिटी, आणि त्यात पूर्ण झालेल्या कामांचा भाग घेतलेला असावा लागतो. नुकसान पॉलिसीच्या मुदतीत घडलं पाहिजे, त्यामुळे ती दरवर्षी न तुटता चालू ठेवावी लागते. त्यातही आपली भिंत पुन्हा बांधायचा खर्च मिळत नाही, दुसऱ्याचं कार्पेट मिळतं. एजंटने हे कधी सांगितलं नव्हतं. नंतर आम्ही ब्रोकर धरला, त्याने पहिल्या भेटीत विचारलं, ‘हँडओव्हरनंतरची जबाबदारी कुठे आहे?’ त्या एका प्रश्नावर मी त्याला काम दिलं.

तेव्हापासून साइटवरही एक नियम आला. भिंतीची दुसरी बाजू बंद करण्याआधी प्रत्येक पाइप आणि वायरिंगचा फोटो, शेजारी टेप धरून. प्लंबर आणि इलेक्ट्रिशियनची सही असलेली चिठ्ठी. आणि पाइप कडेला असेल तिथे स्टडवर पत्र्याची पट्टी, म्हणजे स्क्रू अडतो. पोरं सुरुवातीला कुरकुरली, फोटोत वेळ जातो म्हणून. आता फोटो काढल्याशिवाय बोर्ड उचलत नाहीत.

गोडाऊनची गोष्ट थोडक्यात. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा आमचं गोडाऊन कात्रजच्या बाजूला होतं. पाणी फूट-दीड फूट चढलं. जिप्सम बोर्डाला तेवढं पुरतं; खालून पाणी ओढतो, कागद सुटतो, आत पिठूळ. विमा कंपनीचा सर्व्हेअर आला, त्याने अंगठ्याने कोपरे दाबत दाबत थप्पी मोजली आणि जस्ताचा मुलामा दिलेले पत्र्याचे सेक्शन भंगाराच्या किमतीत न धरता बाजूला काढायला लावले, ते बरोबरच होतं. नुकसान मंजूर झालं, पण प्रमाणात. गोडाऊनच्या विम्याची रक्कम एप्रिलमध्ये ठरते आणि दिवाळीआधीच्या कामांचा माल सप्टेंबरात येऊन पडतो. समजा माल १२ लाखांचा, विमा ८ लाखांचा. मग ३ लाखांच्या नुकसानीचे २ लाखच मिळतात. १ एप्रिल २०२१ पासून लहान धंद्यांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही पॉलिसी आली, एका जागेवरची मालमत्ता ५ कोटींपर्यंत असेल तर. तिच्यात विम्याच्या रकमेतली १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ आहे. आता आम्ही रक्कम सप्टेंबरची धरून काढतो, आणि गोडाऊन उंचावर हलवलंय.

लॉकडाउनमध्ये साइट बंद पडल्या तेव्हा प्रत्येक सीएआरसाठी कंपनीला काम थांबल्याचं कळवलं आणि मुदतवाढ मागितली. काम दीर्घकाळ बंद राहिलं आणि कळवलं नाही तर कव्हर धोक्यात येतं. बाकी त्या वर्षाबद्दल सगळ्यांनी पुष्कळ लिहून झालंय.

माझं एक मत ह्यांना अजून पूर्ण पटलेलं नाही. विम्याचा खर्च स्क्वेअर फुटाच्या दरात मिसळू नये, कोटेशनमध्ये स्वतंत्र ओळ करावी. दरात मिसळला की घासाघीस होते तेव्हा पहिली कात्री त्यालाच लागते, आणि ज्याच्याकडे काहीच नाही तो ठेकेदार फुटामागे दोन-तीन रुपयांनी स्वस्त दिसतो. स्वतंत्र ओळ असली की क्लायंटचा परचेसवाला निदान विचारतो, ‘समोरच्याच्या कोटेशनमध्ये ही ओळ का नाही?’ ह्यांचं म्हणणं, त्या ओळीमुळे दोन कामं हातची गेली. गेली असतील.

सध्या एका चालू हॉस्पिटलमध्ये दोन मजल्यांचं काम घेतलंय. वर आम्ही ड्रिल मारतो, खाली पेशंट. त्यामुळे ह्या कामाच्या सीएआरमध्ये आजूबाजूच्या मालमत्तेचं कव्हर वेगळं जोडून घेतलं, कारण क्लायंटची जुनी इमारत आणि यंत्रं आपोआप त्यात येत नाहीत. तिसऱ्या पक्षाची मर्यादाही वाढवली. ब्रोकर म्हणाला एवढी कशाला, मी त्याला एमआरआयच्या खोलीचा नकाशा पाठवला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून कामगार संहिता लागू झाल्या, १९२३ चा तो कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, आणि घरून कामावर येता-जाताना झालेल्या अपघातालाही कामाशी संबंध असेल तर त्यात जागा मिळाली. आमची बरीच पोरं एका मोटारसायकलवर तिघं येतात. पॉलिसीचा मजकूर नव्या संहितेप्रमाणे बदलून द्या, असा मेल मी कंपनीला केलाय. एन्डॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीतल्या बदलाचा कागद, अजून आलेलं नाही. सोमवारी परत फोन करणार आहे.