हँडब्रेक आणि परीक्षकाची खुर्ची: ड्रिफ्टिंग शिकतानाचा माझा अनुभव

इंदूरमध्ये ड्रिफ्टिंग, म्हणजे मागची चाके घसरवत गाडी तिरकी ठेवून वळण घेणे, शिकायचे ठरवले तेव्हा पहिला प्रश्न गाडीचा होता. पुढच्या चाकांना ताकद देणारी गाडी हँडब्रेक ओढून फिरवता येते, परंतु घसरण टिकवून धरायची तर ताकद मागच्या चाकांनाच मिळावी लागते. म्हणून मी जुनी बीएमडब्ल्यू घेतली आणि ती ट्रेलरवर चढवून पीथमपूरच्या वाटेवरील एका खासगी पटांगणात नेऊ लागलो. सार्वजनिक रस्त्यावर हा सराव कोणीही करू नये, असे माझे ठाम मत आहे.

मूळचा केबलचा हँडब्रेक गाडी उभी ठेवण्यासाठी असतो. त्याच्या जोडीला आम्ही स्वतंत्र मास्टर सिलिंडर (ब्रेकच्या तेलाला दाब देणारा भाग) असलेला हायड्रॉलिक हँडब्रेक बसवला. त्याच्या दांड्याला खाच नसते, त्यामुळे हात सैल केला की चाके लगेच मोकळी होतात. रामबागेतले आमचे मिस्त्रीकाका म्हणाले, "अरे, ओढतो तर कोणीही, तू सोडतोस कधी, ते बघ." सगळे तंत्र तिथेच आहे. आधी क्लच दाबायचा, नाहीतर अडकलेल्या चाकांबरोबर इंजिनही बंद पडते. मग दांडा ओढायचा, म्हणजे मागच्या टायरांची आडवी पकड सुटून गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जातो. आणि त्याच क्षणी दांडा सोडून, इंजिनाचे फेरे चढते ठेवत क्लच उचलायचा व स्टिअरिंग घसरणीच्या दिशेने फिरू द्यायचे.

हे सारे मला नीट उमगले ते मात्र सरावाच्या एका स्पर्धेत परीक्षकांशेजारी बसल्यावर. अमेरिकेतील फॉर्म्युला ड्रिफ्ट ही स्पर्धा २००४ पासून चालते. तिथे ३ परीक्षक असतात आणि ते मार्ग, कोन व शैली यांची वाटणी करून घेतात. आम्हीही तीच पद्धत ठेवली होती. शैलीत घसरणीची सुरुवात, ओघ आणि धाडस पाहिले जाते. वरून पाहताना हँडब्रेक लपत नाही: चाक थांबले की रिमचे आरे स्पष्ट दिसू लागतात, टायरचा धूर विरळ होतो. वळणाच्या बाहेरच्या पट्ट्यापर्यंत गाडी पोहोचत नसेल तर मधेच दिलेला छोटा झटका तिला बाहेर नेतो आणि मार्गाचे गुण राखतो, पण तोच दांडा लांबवला की वेग मरतो आणि ओघाचे गुण जातात. ही कपात मला रास्त वाटते, कारण अशा वेळी गाडी नुसती ओढली जात असते.

त्यानंतर मी वळणात अधिक वेगाने शिरून दांडा कमी वेळ धरू लागलो. सध्या जोडीच्या फेरीचा, म्हणजे दोन गाड्या एकामागोमाग घसरवत नेण्याचा, सराव चालू आहे. तिथे मागचा चालक अंतर राखण्यासाठी हँडब्रेक वापरतो; पुढच्याने मात्र मधेच अनपेक्षितपणे वेग तोडला, तर परीक्षक दोष त्याच्याच माथी मारतात.