वल्ह्याला कान

ज्येष्ठातली पौर्णिमा होती. तिकडे मुंबईत बायकोनं वडाला दोरा गुंडाळून पुढच्या सात जन्मांची सोय करून ठेवली होती, आणि या जन्मातला तिचा नवरा श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावर एका होडीत ओणवा होऊन वल्ह्याच्या मुठीला कान लावून बसला होता. वल्ह्याचं पातं पाण्यात. होडीवाल्यानं अगदी हळू विचारलं, "केक्कुदा, अण्णा?" ऐकू येतंय का?

मी मान हलवली. उभी की आडवी, ते मुद्दामच कळू दिलं नाही.

गावाचं नाव बट्टिकलोआ. हे परक्या जिभांवर घासून झालेलं रूप. तिथले तमिळ लोक मट्टक्कळप्पु म्हणतात. 'कळप्पु' म्हणजे समुद्रालगत अडकलेलं उथळ, खारट पाणी. आपल्या भूगोलाच्या पुस्तकात त्याला 'खाजण सरोवर' असा भारदस्त शब्द होता. चिल्का कुठे आहे हे धड ठाऊक नसताना त्याच्यापुढे तो लिहून मी मार्क मिळवले आहेत. पण कोकणातल्या माणसाला खाडी कळते, हे प्रकरण कळत नाही. खाडीत समुद्र रोज आत येतो आणि बाहेर जातो, नोकरीवर गेल्यासारखा. इथे समुद्रानंच वाळूचा लांबलचक बांध घातलाय आणि त्याच्या मागे सुमारे ५६ किलोमीटर लांबीचं पाणी निवांत पडून आहे. पालमीनमडूला १९१३ सालचं दीपगृह आहे, त्याच्या आसपास या पाण्याला समुद्राकडे तोंड. कोरड्या दिवसांत ते वाळूनं बुजतं आणि पावसात पाणी चढलं की माणसांना वाळू फोडून वाट करून द्यावी लागते.

पाऊस म्हणजे त्यांचा, ईशान्येकडून येणारा, दिवाळीनंतरचा. आपला आषाढ त्यांना मधल्या डोंगरांच्या आड लागतच नाही. म्हणून एप्रिल ते सप्टेंबर पाणी आरशासारखं. त्यातच मासे गातात.

हो, गातात. गावाचं बिरुदच आहे तसं: 'मीन पाडुम् तेन् नाडु', म्हणजे मासे गातात तो मधाचा मुलूख. जागोजागी जलपरी किंवा मासा रंगवलेला. एखाद्या गावाची ओळख किल्ल्यावरून असते, देवळावरून असते, पेढ्यांवरून तर असतेच. पण जे दिसत नाही, खाता येत नाही आणि बहुतेकांना ऐकूही येत नाही, त्यावर नाव कमावणारं गाव मी दुसरं पाहिलं नाही. किल्लाही आहे त्यांच्याकडे, १६२८ साली पोर्तुगीजांनी बांधलेला आणि दहाच वर्षांत डचांनी घेतलेला. आत वर्षानुवर्षं सरकारी कचेरी होती. तमिळमध्येही शब्द तोच, 'कच्चेरी'. एवढ्या लांब येऊन तो शब्द कानावर पडला आणि आपोआप खिशातले कागद चाचपले.

माशांच्या गाण्याची ऐकीव गोष्ट लांबवर पोचवली ती जेम्स इमर्सन टेनेंट या ब्रिटिश अधिकाऱ्यानं. १८४८ साली तो चांदण्यात होडी घेऊन इथल्या पाण्यावर गेला. ओल्या बोटानं काचेच्या पेल्याची कड घासावी तसा आवाज, एकच लांब सूर नव्हे तर बारीक-बारीक असंख्य सूर, असं त्याचं वर्णन आहे. होडीच्या लाकडाला कान लावला की आवाज वाढतो हेही त्यानं लिहिलंय. कोळ्यांनी त्याला सांगितलं, ही 'ऊरी', शंखातला जीव रडतोय. म्हणजे मासे तरी आहेत की नाहीत इथपासून वाद. पुढच्या शतकात एका जेझुइट पाद्रीनं पाण्यात मायक्रोफोन सोडून आवाज टिपला आणि तो रेडिओ सिलोनवरून लागला. याच रेडिओ सिलोनला आपले लोक बुधवारी रात्री अमीन सायानींसाठी कान लावून बसायचे! त्या लहरींवर मट्टक्कळप्पुचे कलाकारही होऊन गेले, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल?

माशाला आवाज असतो यात नवल काही नाही. ढोमा आणि घोळ यांचं अख्खं कुळच बोलकं. पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायू थरथरवून ते आवाज काढतात, डमरूसारखा. घोळीच्या त्या पिशवीला आपल्याकडचे कोळी 'बोत' म्हणतात आणि वाळवलेल्या बोताला माशापेक्षा कितीतरी जास्त भाव येतो. गवयाचा गळाच काढून विकायचा प्रकार. माझा स्वतःचा अंदाज असा, की इथेही असलंच कुणीतरी गळा साफ करत असणार. पण शंखवाल्यांचं म्हणणं मला जास्त आवडतं.

ऐकायची जागा म्हणजे कल्लडीचा पूल. १९२४चा लोखंडी पूल, एका गव्हर्नरच्या बायकोच्या, लेडी मॅनिंगच्या नावाचा. शेजारी २०१३ साली नवा रुंद पूल झाला. पलीकडे कल्लडीत स्वामी विपुलानंदांची समाधी आहे. रामकृष्ण मिशनचे हे संन्यासी, त्यांनी आयुष्याची कित्येक वर्षं 'याळ' या लोप पावलेल्या तमिळ तंतुवाद्याचे सूर जुन्या ग्रंथांतून शोधण्यात घालवली. १९४७ साली त्यांचा ग्रंथ आला आणि त्याच वर्षी ते गेले. ऐकू न येणाऱ्या गाण्याचा ध्यास धरायला हे पाणीच माणसाला लावत असावं.

कल्लडी-नावलडीच्या वाळूच्या पट्टीवरची वस्ती २००४च्या त्सुनामीत समुद्रानं धुऊन नेली. त्याआधी आणि नंतरही, २००९पर्यंत, युद्ध. होडीवाला त्याबद्दल एकच वाक्य बोलला: मी लहान असताना रात्री पाण्यावर कोणी येत नसे. मग त्यानं वल्हं फिरवलं आणि मीही पुढे विचारलं नाही.

तर ऐकू काय आलं? आधी पुलावरच्या मोटरसायकली. श्रीलंकेत दर पौर्णिमेला, पोयाला, सार्वजनिक सुट्टी असते, त्यामुळे सगळं गाव हवा खायला बाहेर. मग होडीवाल्याचा खोकला. मग माझीच नाडी, जी लाकडातून फार गंभीर वाटते. आणि या सगळ्याच्या खाली, एकदोनदा, काहीतरी गुणगुणलं. बारीक, थरथरतं, लांबून जवळ येणारं. पण ते नेमकं कशासारखं, हा शब्द काही केल्या सापडेना. पेल्याची कड तर नक्कीच नव्हती. टेनेंटसाहेबाकडे पेले चांगले असतील.

लॉजवर परत येऊन मोबाईलवर टेनेंटसाहेबाच्या पुस्तकातलं ते प्रकरण पुन्हा वाचत होतो, तर खाली तळटीप. १८४७च्या जानेवारीतल्या 'बॉम्बे टाइम्स'मधला उतारा. साष्टीकडून शिवडीला होडीनं येणाऱ्या मंडळींना संध्याकाळी पाण्यातून लांब घंटेसारखे सूर ऐकू आले. आधी वाटलं परळहून वाऱ्यावर बँड ऐकू येतोय, कारण गव्हर्नर तेव्हा परळला राहायचा. पण आवाज चहूकडून यायला लागला. होडीवाले सहज म्हणाले, मासे आहेत, नेहमीचंच आहे.

शिवडी! दोन विमानं आणि आठ-नऊ तासांची आगगाडी करून मी जे ऐकायला आलो, ते माझ्या आत्याच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर.

आत्या शिवडीच्या बीडीडी चाळीत राहते, लग्न होऊन आली तेव्हापासून. परत आल्यावर तिला ही सगळी कथा सांगितली. ती लसूण सोलत होती.

"मासे? नाही बाबा. इथे गिरणीचा भोंगा असायचा. ८२च्या संपानंतर तोही गेला."

खरंच होतं. मुंबईतली पहिली कापडगिरणी १८५४ची. बॉम्बे टाइम्सच्या त्या संध्याकाळी शहरात एकही भोंगा नव्हता. आता खाडीवर फ्लेमिंगो बघायला गर्दी आणि वरून थेट न्हावा शेवाला जाणारा पूल.

"पण तुला आलं का ऐकू?" आत्यानं विचारलं.

आता होडीवाल्याला फसवलं तसं हिला फसवता येणार नव्हतं. मी जमेल तसं सांगितलं: आधी काहीच नाही, मग लांबून बारीक गुणगुण, थरथर, जवळ येतेयसं वाटतं आणि मग...

"म्हणजे पहाटे पाणी यायच्या आधी नळ वाजतो तसं," आत्या म्हणाली. "आधी नुसती हवा येते ना, तसं."

अगदी तसंच होतं.

"त्याला कान लावावा लागत नाही," ती म्हणाली आणि सोललेला लसूण वाटीत टाकला. "साडेचारला येतं. राहा आज इथेच."